पळत्या पाण्याचा मागोवा

रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या दगडाला लागून, एक लोखंडी जाळी असते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मे महिन्यात नालेसफाई सुरू झाली की कामगार ती पहारीने उचकटतात आणि खालच्या चेंबरमधला काळा गाळ घमेल्यांनी उपसून कडेला ढीग घालतात. त्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शहाळ्यांच्या कवट्या, तुटक्या चपला असे काय काय निघते. ढीग वेळेवर उचलला गेला नाही, तर पहिल्या वळवाच्या सरीबरोबर तो निमूटपणे त्याच जाळीतून पुन्हा आत जातो. जाळीखाली चेंबर, चेंबरमधून नळ, नळातून नाला आणि नाल्यातून नदी किंवा खाडी, असा हा पाण्याचा रस्ता. महापालिकेच्या कागदपत्रांत त्याला पर्जन्यजलवाहिनी म्हणतात, लोक पावसाळी गटार म्हणतात. मुंबईत पाणी आत घेणारी अशी तोंडे ३०,००० हून अधिक आहेत. उघडे नाले आणि गटारे सुमारे २००० किलोमीटर, बंद वाहिन्या सुमारे ४४० किलोमीटर. या सगळ्या खटाटोपामागे एकच समजूत आहे: पडलेला पाऊस जमेल तितक्या लवकर शहराबाहेर घालवावा. ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कोणीतरी ठरवली असेल, हे मनातही येत नाही. पण या समजुतीला जन्म आहे, वाढ आहे आणि तिच्याआधी दुसऱ्या समजुतीही नांदून गेल्या आहेत. त्यांचा माग काढत आपण थोडे मागे जाऊ. या समजुतीची किंमत ज्यांना मोजावी लागली ते शहरांतले ओढे वाटेत आपल्याला जागोजागी भेटतील.

सुरुवात शेजारच्या गुजरातेतून करू. कच्छच्या रणातल्या खडीर बेटावर धोलावीरा हे सिंधू संस्कृतीचे नगर आहे. १९६० च्या दशकात जगत्पती जोशी यांनी ते उजेडात आणले, १९९० पासून रवींद्रसिंग बिश्त यांनी तेथे उत्खनन केले आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी हे नगर उभे राहिले तेव्हाही तेथे पाऊस बेताचा होता आणि बारमाही नदी नव्हती. नगराच्या उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन ओढे होते, तेही पावसापुरते वाहणारे. तिथल्या लोकांनी या ओढ्यांवर बांध घालून त्यांचे पाणी तटाच्या आत, पायरीपायरीने उतरत जाणाऱ्या तलावांत वळवले. बालेकिल्ल्यात दगडी पावसाळी गटारांचे जाळे सापडले, त्यांतली काही माणूस आतून जाऊ शकेल इतकी उंच आहेत. ही गटारे पाणी गावाबाहेर टाकत नसत, ते साठवणीच्या हौदाकडे नेत. त्याच काळात मोहेंजोदडोमध्ये विटांनी झाकलेली गटारे घराघरांतले सांडपाणी वाहून नेत होती आणि वाटेत गाळ बसण्यासाठी खड्डेही ठेवलेले होते. म्हणजे एकाच संस्कृतीच्या दोन नगरांत पाण्याचे दोन हिशेब मांडलेले दिसतात. एका ठिकाणी वाहते पाणी ही मिळकत होती, दुसऱ्या ठिकाणी ती काढून टाकायची घाण. पुढच्या साऱ्या इतिहासात दुसरा हिशेब वरचढ ठरला आणि पहिला मागे पडला.

तो कसा वरचढ ठरला, याचे जुने उदाहरण रोममध्ये मिळते. रोमच्या टेकड्यांमधली सखल जागा दलदलीची होती. टेकड्यांवरून उतरणारे पाणी तेथे साचे. परंपरेप्रमाणे इसवी सनपूर्व सहाव्या शतकात टार्क्विन राजांनी तेथून टायबर नदीपर्यंत एक मोठा चर काढला. दलदल ओसरली आणि त्या जागेवर रोमचा प्रसिद्ध फोरम, म्हणजे नगरचौक, उभा राहिला. आरंभी हा चर उघडा होता. वस्ती दाटत गेली तसा तो कमानींनी झाकला गेला आणि पावसाच्या पाण्याबरोबर शहराची घाणही त्याच्यात येऊ लागली. हीच ती ‘क्लोआका मॅक्सिमा’. इसवी सनपूर्व ३३ मध्ये अग्रिप्पाने ती साफ करवून घेतली आणि नावेत बसून तिच्यातून फेरफटका मारला, असे सांगतात. आधी पाण्याला वाट करून द्यायची, मग ती झाकायची, मग तिच्यात मैला सोडायचा आणि शेवटी ती उपसायची, हा क्रम येथे पहिल्यांदा पूर्ण झालेला दिसतो. पुढे तो शहरामागून शहरात जसाच्या तसा घडत गेला.

लंडनमध्ये तो अगदी तारीखवार पाहता येतो. हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावरून निघणारी फ्लीट ही छोटी नदी शहराच्या पश्चिम कडेने वाहत थेम्सला मिळत असे. कातडी कमावणारे आणि खाटीक तिच्या काठाने वसले आणि ती घाण होत गेली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हूक यांनी तिच्या खालच्या टप्प्याचा रुंद कालवा केला. व्हेनिससारखे काही घडवावे, असा मनसुबा होता. १६७४ मध्ये काम पुरे झाले, पण गाळ आणि कचरा काही थांबला नाही. १७३३ मध्ये वरचा भाग झाकायला घेतला, १७३७ मध्ये त्याच्यावर बाजार भरू लागला आणि १७६० च्या दशकात थेम्सपर्यंतचा उरलेला भागही जमिनीखाली गेला. येथे एक विसरली गेलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी लंडनची गटारे कायद्याने फक्त पावसाच्या पाण्यासाठी होती. घरचा मैला घराखालच्या खड्ड्यात साठे आणि रात्री माणसे येऊन तो उपसून नेत. १८१५ मध्ये घरांची गटारे या पावसाळी गटारांना जोडायला परवानगी मिळाली. पाण्याने साफ होणारे संडास घरोघर आले आणि १८४८ मध्ये खड्डे बंद करून गटाराला जोडणी घेणे सक्तीचे झाले. सगळा मैला थेट थेम्समध्ये, आणि शहराचे पिण्याचे पाणीही थेम्समधूनच. पटकीच्या साथी आल्या. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवावे लागले.

मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने नदीच्या दोन्ही काठांना समांतर मोठ्या वाहिन्या घातल्या आणि शहराचा मैला पूर्वेला, भरतीच्या पाण्याबरोबर परत येणार नाही इतक्या दूर नेऊन सोडला. १८६५ मध्ये या कामाचे उद्घाटन झाले आणि १८७५ पर्यंत ते पुरे झाले. काम थोर होते यात शंका नाही. पण पावसाचे पाणी आणि मैला या दोघांना त्याने एकाच नळात कायमचे एकत्र बसवले. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की नळ भरून दोन्ही मिळून नदीत ओतावेत, अशी तरतूदही आराखड्यातच होती. शहर वाढले, डांबर वाढले आणि कधीमधी होणारे हे ओसंडणे नेहमीचे झाले. त्याला आळा घालायला लंडनने थेम्सच्या खाली २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खोदला. तो पूर्णपणे जोडला गेला फेब्रुवारी २०२५ मध्ये. १८४८ च्या एका निर्णयाची निस्तरणूक पावणेदोनशे वर्षांनीही चालूच होती.

आता आपण मुंबईला येऊ. सात बेटांच्या या गावाला पाणी दोन बाजूंनी घेरत असे, वरून पावसाचे आणि खालून भरतीचे. मुंबई आणि वरळी या बेटांमधल्या मोठ्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरून भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा या आजच्या वस्त्यांच्या जागी पसरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८० च्या दशकात, ही खिंड बांध घालून बुजवली गेली. समुद्र बाहेर राहिला आणि सखल मैदान मोकळे झाले. पण ज्या वाटेने समुद्र आत येत होता त्याच वाटेने पावसाचे पाणी बाहेर जात होते, आणि ती वाटही बंद झाली. म्हणून गावातले पाणी गोळा करून मैदानांतून वरळीच्या बाजूला नेणारा एक मोठा उघडा नाला आला. त्याचे नाव ‘मेन ड्रेन’. त्याच्या तोंडाशी झडपा होत्या. ओहोटीला त्या उघडायच्या, भरतीला मिटायच्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की झडपा मिटलेल्या आणि पाणी तुंबलेले. आज जुलै महिन्यात वर्तमानपत्रे पहिल्या पानावर भरतीची वेळ आणि लाटांची उंची छापतात, त्या बातमीचे मूळ या झडपांपाशी आहे.

या नाल्यात घरांचे सांडपाणीही येत होते. १८५२ मध्ये हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने मुंबईच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल लिहून गटारांची दुर्दशा सरकारपुढे मांडली. याच कॉनिबेअरने पुढे विहार तलावाची आखणी केली आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने गावात आले. ते येणे गरजेचेच होते, पण घरात जेवढे पाणी येते जवळजवळ तेवढे बाहेरही जाते. नळाच्या पाण्यामुळे सांडपाणी वाढले आणि पावसासाठी काढलेल्या उघड्या गटारांवर त्याचा भार पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईने मैला वेगळ्या बंद नळांतून आणि पाऊस वेगळ्या वाहिन्यांतून न्यायचे धोरण धरले, आणि कागदावर आजही शहराची रचना तशीच आहे. आणखी एक धागा येथे हाती घेऊन ठेवू. विहारचे धरण ज्या खोऱ्यात बांधले ते मिठी नदीचे उगमाचे खोरे. तेव्हापासून मिठीचा आरंभ झऱ्यात राहिला नाही, विहारच्या आणि नंतर पवईच्या तलावाच्या सांडव्यात आला. मुंबईला नळाचे पाणी मिळाले त्याच कामाने मुंबईच्या नदीचा वरचा प्रवाह धरणाआड गेला.

पाणी किती येणार हे कळल्याशिवाय वाहिनी किती मोठी घ्यायची ते ठरत नाही. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला आयर्लंडच्या थॉमस मलव्हेनी याने, १८५१ मध्ये. त्यानंतर १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एमिल क्विकलिंग याने गटारांतल्या प्रवाहाची मोजणी करून त्याला शहरी रूप दिले. सूत्र अगदी साधे आहे. पाऊस किती जोराने पडतो आणि किती क्षेत्रावर पडतो, यांचा गुणाकार करायचा आणि त्याला आणखी एका आकड्याने गुणायचे. तो आकडा म्हणजे अपधाव गुणक, पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा. दाट झाडीत तो अगदी कमी, बागेत थोडा जास्त, कौलांवर आणि फरशीवर एकाच्या जवळ. गुणक अर्धा असेल तर निम्मे पाणी वाहते आणि निम्मे जिरते किंवा अडून राहते. क्विकलिंगच्या मोजणीत हा हिस्सा शहरातल्या पाणी न जिरू देणाऱ्या जमिनीच्या प्रमाणाशी जुळत होता, म्हणजे हा आकडा निसर्गाने दिलेला नव्हता, तो शहराच्या बांधणीतून येत होता. पण पुढच्या काळात इंजिनिअरांनी तक्त्यात पाहून तो भरला आणि नळाचा व्यास काढला. आकडा कमी करता येईल का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आपल्या या मागोव्याचा पुढचा सगळा प्रवास या एका आकड्याभोवती फिरतो.

दरम्यान पाऊस आणि मैला वेगळे करण्याच्या कल्पनेला अमेरिकेत मोठे बळ मिळाले. १८७८ मध्ये मेम्फिस शहरात पीतज्वराच्या साथीत ५००० हून अधिक माणसे गेली. १८८० मध्ये जॉर्ज वेअरिंग याने तेथे अरुंद नळांची व्यवस्था घातली, केवळ मैल्यासाठी. पावसाला त्यात प्रवेश नव्हता. व्यवस्था स्वस्त पडली आणि तिचे अनुकरण झाले. तिच्या पोटात एक गृहीत होते: पावसाचे पाणी स्वच्छ असते, तेव्हा ते सरळ जवळच्या ओढ्यात सोडायला हरकत नाही. शहराच्या नकाशावर ओढा ही जणू तयार, फुकट मिळालेली वाहिनी होती. तिला सरळ करायचे, काठांना काँक्रीट घालायचे, जागा हवी असेल तर वर स्लॅब टाकायचा. विसाव्या शतकात मोटारी आल्या, डांबरी रस्ते आणि पार्किंगची पटांगणे आली, पण हे गृहीत हलले नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने कारखान्यांच्या आणि मैल्याच्या नळांना आवर घातला, तरी नद्या अपेक्षेइतक्या सुधारेनात. तेव्हा तिथल्या पर्यावरण संस्थेने देशभरात २८ ठिकाणी नुसत्या पावसाच्या वाहत्या पाण्याची तपासणी करवली. १९८३ मध्ये निष्कर्ष आला. रस्त्यांवरून येणाऱ्या पाण्यात शिसे, तांबे, जस्त आणि विष्ठेतले जंतू सर्रास होते. स्वच्छ मानलेले पाणी स्वच्छ नव्हते. १९८७ मध्ये कायदा बदलला आणि १९९० पासून एक लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना पावसाळी गटारांच्या तोंडांसाठीही परवाने घ्यावे लागले.

घाणीइतकेच नुकसान वेगानेही होत होते. मोकळ्या जमिनीवर पडलेले पाणी हळूहळू मुरते आणि पावसाळ्यानंतरही झिरपत ओढ्याला येत राहते. तेच पाणी गटारातून आले की तासाभरात ओढ्यावर आदळते, काठ खरवडते, तळाचे गोटे आणि त्यांच्या आडोशाची अंडी वाहून नेते. नंतरच्या महिन्यांत झिरपायला काही उरलेलेच नसते, म्हणून ओढा कोरडा पडतो. १९९४ मध्ये थॉमस शूलर या अमेरिकी अभ्यासकाने अनेक पाहण्या एकत्र करून दाखवले की ओढ्याच्या पाणलोटातला सुमारे १० टक्के भाग फरसबंद झाला की त्याची प्रकृती ढासळू लागते. क्विकलिंगच्या सूत्रातला तोच आकडा आता गटाराच्या व्यासाऐवजी ओढ्याच्या जीवनाशी जोडला गेला होता.

या टप्प्यावर आपण १९९३ या सालापाशी थोडे रेंगाळू. त्या वर्षाच्या आगेमागे तीन ठिकाणी तीन गोष्टी घडत होत्या. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटीने घरांच्या अंगणात उथळ खळगे करून, त्यांत वाळूमिश्रित माती आणि झाडे घालून, छपराचे नि रस्त्याचे पाणी तेथेच जिरवण्याची पद्धत बसवली आणि १९९३ मध्ये तिची नियमपुस्तिका काढली. महाराष्ट्रात त्याच सुमारास सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाला स्वतंत्र खाते मिळाले होते आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा एस.टी.च्या थांब्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर रंगवलेली दिसे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, माती नालाबांध, शेततळी. धावणारे पाणी चालते करा, चालणारे थांबवा, थांबलेले जिरवा, ही शिकवण खेडोपाडी पोहोचली होती. आणि त्याच १९९३ मध्ये मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा मोठा आराखडा तयार झाला, ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने. १९८५ च्या पावसाळ्यात शहर तुंबल्यावर हे काम वॉटसन हॉक्सली या सल्लागारांकडे दिले होते. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ हा अपधाव गुणक धरून, तेही ओहोटीच्या वेळेपुरत्या बांधलेल्या होत्या. नव्या आराखड्याने पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरला आणि गुणक धरला १.

हा एक म्हणजे काय, ते एका हेक्टरवर मांडून पाहू. जुन्या हिशेबाने एका हेक्टरवरून तासाला सव्वा लाख लिटर पाणी वाहिनीत यायचे. नव्या हिशेबाने ते पाच लाख लिटर झाले, चौपट. यातली दुप्पट पावसाची आणि दुप्पट गुणकाची. शहरावर पडलेला एकही थेंब जमिनीत शिरणार नाही, असे मानूनच आता वाहिन्या घालायच्या होत्या. इंजिनिअरांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. मुंबईची फरसबंद जमीन त्यांनी केली नव्हती, त्यांना आहे त्या शहराचे पाणी काढायचे होते. पण जे राज्य आपल्या खेड्यांना पाणी जिरवायला सांगत होते, त्याच राज्याच्या राजधानीच्या आराखड्यात जिरण्याच्या रकान्यात शून्य आले. या विसंगतीची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही. अपवाद घडला तो २००२ मध्ये, १००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संचयन सक्तीचे झाले तेव्हा. छपरांपुरता का होईना, जुना हिशेब मागल्या दाराने परत आला.

जिरवण्याचा विचार रस्त्यावर आणला तो अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या सिएटल शहराने. तिथल्या पायपर्स क्रीक या ओढ्याच्या पाणलोटातल्या एका वस्तीत २००१ मध्ये एका रस्त्याची पुनर्बांधणी पुरी झाली. सरळ रुंद डांबरी रस्ता काढून तेथे १४ फूट रुंदीचा नागमोडी रस्ता केला. दोन्ही बाजूंना गटार आणि कठड्यांऐवजी उथळ, पसरट खळगे केले. त्यांत पोषक माती, शंभराहून अधिक झाडे आणि सुमारे ११०० झुडपे लावली. रस्त्यावरून ओघळलेले पाणी एका खळग्यातून दुसऱ्यात उतरते, थांबते, मुरते. वॉशिंग्टन विद्यापीठाने प्रवाह मोजला, तेव्हा त्या रस्त्यावरून ओढ्याकडे जाणारे पाणी ९९ टक्क्यांनी घटलेले आढळले. गुणक तक्त्यातून उचलण्याऐवजी तो जमिनीवर खाली आणता येतो, हे येथे हाताला लागले.

त्याच शहरात आणखी एक कोडे सुटायचे होते. लाँगफेलो क्रीक या दुसऱ्या ओढ्यात समुद्रातून अंडी घालायला परतणारे कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर काही तासांत तडफडून मरत, अंडी पोटात तशीच. वर्षानुवर्षे शोध चालला. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात उत्तर छापून आले. मोटारींच्या टायरांत रबर टिकावे म्हणून घातलेले एक रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन विषारी रूप घेते आणि रस्त्यावर झिजून पडलेल्या रबराच्या भुकटीबरोबर पावसात ओढ्यात उतरते. विषाचे नाव कळण्याच्या आधीच उपाय मात्र सापडलेला होता. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतले तर त्यात मासे जगतात, हे प्रयोगांनी आधीच दाखवले होते. मातीतून मुरणे म्हणजे वेग कमी होणे आणि पाणी गाळले जाणे, दोन्ही एकदम.

मुंबईत दरम्यान ब्रिमस्टोवॅडची कामे रखडली आणि २६ जुलै २००५ चा दिवस उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. एवढ्या पावसापुढे कोणतीच वाहिनी टिकली नसती. पण त्या दिवशी लोकांना मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, हे नव्याने कळले. तोवर ती बहुतेकांच्या लेखी नाला होती. विहारपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटरच्या वाटेत तिने विमानतळाच्या धावपट्टीखालून आणि काटकोनी वळणांतून जायचे, आणि शेवटी जेथे पसरायला खारफुटीची दलदल होती तेथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिलेले. सरकारने नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते जलतज्ज्ञ माधव चितळे, १९९३ च्याच स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. मग निधी मिळाला, मिठी रुंद आणि खोल झाली, काठांना भिंती आल्या आणि समुद्राकडे पाणी फेकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. लव्हग्रोव्ह वरळीला आहे, जुन्या मेन ड्रेनच्या तोंडाशी. झडपांच्या जागी पंप आले, ठिकाण तेच राहिले. मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या चारही नद्यांत मात्र उन्हाळ्यातही जे पाणी दिसते ते मुख्यतः वस्त्यांचे नि तबेल्यांचे सांडपाणी. कागदावर वेगळे केलेले मैलापाणी आणि पावसाचे पाणी नदीत येऊन पुन्हा एक झाले आहे.

पुण्यातला आंबिल ओढा याहून जुनी कथा सांगतो. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी गावाच्या अंगाने वाहत मुठेला मिळे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी त्याला बांध घालून तळे केले, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे, आणि ओढ्याला पश्चिमेकडे वळवून नवे पात्र दिले. कात्रजलाही तलाव बांधून त्याचे पाणी दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्याचे आणि सफाईला उतरण्याचे झरोके, ठेवलेले होते. तेव्हाच्या कारभाऱ्यांनी ओढा हलवला खरा, पण त्याला पूर्ण पात्र देऊन हलवला, आणि त्याचे पाणी मोलाचे मानले. पुढच्या अडीचशे वर्षांत त्या पात्रावर भिंती, झोपड्या, सोसायट्यांची कुंपणे आणि पूल चढत गेले, आणि वरच्या डोंगरउतारांवर इमारती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज आणि सहकारनगर भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ओढ्याने आपली रुंदी परत घेतली. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. डोंगरावरचा गुणक वाढला की त्याची वसुली पायथ्याच्या वस्तीकडून होते, आणि पायथ्याला बहुधा सगळ्यांत गरीब माणूस राहतो.

अशा रीतीने आपण आजच्या पावसाळ्यापर्यंत येऊन पोहोचलो. अलीकडच्या कामांत एक बदल दिसतो. दरवर्षी तुंबणाऱ्या परळच्या हिंदमाता भागासाठी २०२१ पासून मुंबई महापालिकेने मैदानाखाली आणि दादरच्या उद्यानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या. मुसळधार पावसात रस्त्यावरचे पाणी पंपाने त्यांत भरायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे. पळणाऱ्या पाण्याला मुंबईने जमिनीखाली थांबायला जागा दिली, हे त्यातले नवेपण. पण थांबलेले पाणी अखेर जाते ते समुद्रातच आणि गाळले तर जातच नाही. धावते चालते झाले, चालते थांबले, जिरण्याची पायरी अजून बाकी आहे. मुंबईच्या काही भागांत समुद्राच्या जवळिकीमुळे आणि भरावाच्या जमिनीमुळे ती कठीण आहे हेही खरे. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांना तशी अडचण कमी आहे आणि त्यांचे ओढे अजून पुरते झाकलेले नाहीत.

साडेचार हजार वर्षांच्या या वाटेवर प्रत्येक पिढीने पाण्याची अडचण सोडवली ती पुढच्या पिढीच्या किंवा खालच्या वस्तीच्या दारात नेऊन. खिंड बुजवली तेव्हा नाला लागला, नाला भरला तेव्हा झडपा, झडपा अपुऱ्या पडल्या तेव्हा पंप. या साखळीतला प्रत्येक माणूस आपापल्या जागी हुशार होता. फक्त सूत्रातला एक आकडा बदलता येतो, इकडे त्यांचे लक्ष गेले नाही, आणि तो आकडा नळाच्या तोंडाशी ठरतच नाही. तो ठरतो नगररचनेच्या कार्यालयात, इमारतीच्या नकाशावर सही होताना, सोसायटीच्या सभेत अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव होताना, टेकडीवरच्या बांधकामाला परवानगी मिळताना. म्हणून यापुढे आपल्या शहराचा पावसाळी पाण्याचा आराखडा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्यात किती कोटी आणि किती पंप आहेत हे पाहण्याआधी अपधाव गुणकाचा रकाना उघडून पाहावा. तेथे अजूनही १ लिहिलेला असेल, तर ओढ्यांना त्या आराखड्यात गटारापलीकडे जागा नाही असे समजावे, आणि हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत तेवढ्या एका आकड्यावर लेखी हरकत नोंदवावी.